चंद्रभागेच्या उगमाकडे

पन्नाशी उलटल्यावर गृहस्थानें सपत्नीक तीर्थयात्रेस जावें, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे; परंतु त्यानें सायकलवर बसून हिमालयाचे घाट चढावे, असें कोणत्याही स्मृतिकारानें सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यामुळें २०१८ सालच्या जुलै महिन्यांत आम्ही उभयतां मनालीहून लेहपर्यंत सायकलनें जाणार, ही वार्ता आप्तवर्गांत पसरतांच कोणी हंसले, कोणी रागावले, आणि आमच्या वृद्ध मातोश्रींनीं तर "मोटारी काय बंद पडल्या आहेत?" असा सरळच सवाल टाकला. या प्रश्नास समर्पक उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. पसरणी, वरंधा, ताम्हिणी हे घाट आम्ही दोन वर्षें तुडवीत होतों आणि त्यांतूनच याहून मोठा डोंगर पाहण्याची ओढ लागली होती, एवढेंच खरें.

मनाली ते लेह हें अंतर त्या वेळच्या रस्त्यानें सुमारें पावणेपांचशें किलोमीटर. वाटेंत रोहतांग (३,९७८ मीटर), बारालाचा (सुमारें ४,८९० मीटर), लाचुंग आणि तांगलांग या मोठ्या खिंडी. पैकीं शेवटच्या दोन पांच हजार मीटरांच्याही वर. पुढें २०२० सालीं ९.०२ किलोमीटरांचा अटल बोगदा झाला आणि मोटारींचा रोहतांगचा चढ वांचला; आम्हांस मात्र तो डोंगर डोक्यावरूनच ओलांडावा लागला. मनालीपासून माथ्यापर्यंत पन्नास-एक किलोमीटरांत जवळजवळ दोन हजार मीटरांची चढण आहे. पुढच्या लहान दंतचक्रावर आणि मागच्या मोठ्या दंतचक्रावर साखळी घातली म्हणजे पाय हलके फिरतात खरे, परंतु गति तासाला पांचसहा किलोमीटर! मेंढ्या घेऊन निघालेला गद्दी मेंढपाळ आपली विचारपूस करतो आणि आपल्याच पुढें निघून जातो.

रोहतांग ओलांडतांच जणूं पडदा बदलतो. अलीकडे देवदार, धुकें आणि पाऊस. पलीकडे लाहौलचे उघडे, करडे डोंगर आणि पाटाच्या पाण्यावर पोसलेलीं बटाट्याचीं व मटाराचीं हिरवीं शेतें. पावसाळी ढगांना पर्वतानें अडविल्याचा हा परिणाम. तेथें तांदी येथें चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो. दोघीही बारालाचाच्याच परिसरांत उगम पावतात, भिन्न दिशांनीं निघतात, आणि येथें एक होऊन चंद्रभागा हें नांव धारण करतात. हीच पुढें चिनाब होते. वेदांतील असिक्नी ती हीच. पंढरपुरीं भीमेलाच चंद्रभागा म्हणून हात जोडणाऱ्या आमच्या सौभाग्यवती त्या गढूळ, गर्जत्या प्रवाहाकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या.

उंचीची संवय व्हावी म्हणून केलाँगला दोन रात्री व जिस्पाला दोन रात्री आम्ही मुक्काम केला. तेथून पुढें पहाटेच निघावें लागे. कारण दुपारीं बर्फ वितळलें कीं रस्त्यावरून वाहणारे ओढे गुडघ्यापर्यंत फुगतात. भागेचें उगमस्थान जें सूरजताल, त्याचें निळें पाणी पाहून आम्ही बारालाचाच्या माथ्यावर पोहोंचलों आणि सायंकाळीं ४,२९० मीटर उंचीवरील सरचूच्या तंबूंत उतरलों.

एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें तीनपंचमांशच असतो. ही विरळ हवा कोणास बाधेल आणि कोणास नाहीं, याचा नियम सांगतां येत नाहीं. तरुण मल्ल आडवा होतो आणि अशक्त म्हातारा हिंडत राहतो. रात्रीं आठच्या सुमारास सौभाग्यवतींचें डोकें असह्य दुखूं लागलें, वांत्या झाल्या. टांचेला अंगठा लावून सरळ रेषेंत चालावयास सांगितलें, तों त्यांचीं पावलें डगमगूं लागलीं. मेंदूला सूज येत असल्याची ही खूण असूं शकते आणि तिच्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे तात्काळ खालीं उतरणें.

परंतु सरचूची गोम अशी, कीं तेथून दोन्ही बाजूंना वाट आधीं वरच जाते. पुढें लेहकडे तर अधिकच उंच खिंडी. मागें बारालाचाचा सहाशें मीटरांचा चढ, मग उतार. उजाडेपर्यंत थांबावें, कीं काळोखांत तीच खिंड पुन्हां ओलांडावी? तंबूवाल्यानें एक मालमोटार मिळवून दिली. सायकली मागें टाकल्या, सौभाग्यवतींना मध्यें बसविलें आणि आम्ही निघालों. माथा येईपर्यंत दर वळणावर त्यांना हांक मारून उत्तर घेत होतों. एका वळणावर उत्तर आलें नाहीं. तो क्षण आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. मग क्षीण स्वर आला, "अहो, जागी आहें मी." पहाटे जिस्पाला पोहोंचलों तेव्हां त्यांनीं प्रथम चहा मागितला, आणि नंतर सायकलींची चौकशी केली.

तिसऱ्या दिवशीं केलाँगच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, "वर जाणें आतां बंद, खालच्या दिशेनें फिरण्यास हरकत नाहीं." "तुम्ही एकटे लेहला जा, मी येथें थांबतें," असा सौभाग्यवतींचा आग्रह होता. तो आम्ही मानला नाहीं. खालची वाट चंद्रभागेच्या कांठानें त्रिलोकनाथाकडे जाते. तीच आम्ही धरली आणि दोन दिवसांत सावकाश तेथें पोहोंचलों. तेथील एकाच मूर्तीस हिंदु शिव मानतात व बौद्ध अवलोकितेश्वर मानतात, आणि दोघेही एकाच गाभाऱ्यांत माथा टेकतात.

लेह राहून गेलें, आणि तें राहिलेलेंच आहे. पर्वत चढण्यासाठीं पायांत बळ लागतें, हें आम्ही सह्याद्रींत शिकलों होतों. कोठून मागें फिरावें हें ठरविण्यासाठीं मनाचें बळ लागतें, हें हिमालयानें शिकविलें. मातोश्रींच्या त्या प्रश्नाला आम्हांपाशीं अद्यापि उत्तर नाहीं. मात्र आषाढी एकादशीस पंढरीची चंद्रभागा आठवली, कीं सौभाग्यवती आतां तांदीच्या संगमालाही हात जोडतात.