एका 'जनता'साठी दुसरी

जुन्या चावीच्या घड्याळाचे कोणते भाग अजून मिळतात आणि कोणते नाहीत, त्याची ही यादी. कमान, म्हणजे चावी दिली की गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, मिळते. उंची, जाडी, लांबी आणि ती ज्या बॅरलमध्ये बसते त्याचा आतला व्यास, ही चार मापं घेऊन गेलं की घड्याळ कोणत्या नावाचं हे कुणी विचारत नाही. स्वित्झर्लंडमध्ये अजून मापावर कमानी बनतात. जुन्या निळसर पोलादी कमानी गंजायच्या, कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच, आणि एखाद्या सकाळी चावी देताना बोटांना कळेल अशा झटक्याने तुटायच्या. आताच्या मिश्रधातूच्या कमानी गंजत नाहीत, सहसा तुटतही नाहीत. जुन्या चावीच्या घड्याळासाठी पूर्वीपेक्षा आज चांगली मिळणारी वस्तू ही एवढीच, म्हणून तिला पहिला मान.

काच मिळते. ॲक्रिलिकची, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या फरकाने. पट्ट्यांची तर ददातच नाही.

माणकं लागतच नाहीत. तबकडीवर '17 ज्वेल्स' असं अभिमानाने छापलेलं असतं ती सतरा माणकं कृत्रिम, भट्टीत वाढवलेली, आणि आजोबांपासून नातवापर्यंत पुरून उरणारी. झिजतं ते त्यांच्यात फिरणारं पोलाद.

चावीची काडी, नंबर 401. घाम आणि पाऊस आत शिरतो तो हिच्याच वाटेने, त्यामुळे गंजण्याचा पहिला मान हिचा. दर मशीनची काडी वेगळी. खाच दोन दशांश मिलिमीटरने इकडेतिकडे झाली तरी बसत नाही. ज्याच्याकडे छोटा लेथ आहे तो नवी करून देऊ शकतो, पण तासाभराच्या कामाचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक घड्याळच परत मागतं.

नंबर 445. काडी दोन जागी थांबते, आत असली की चावी बसते आणि ओढली की काटे फिरतात; त्या दोन जागा धरून ठेवणारी ही पत्र्याची स्प्रिंग. तिचा एक हात केसाएवढा बारीक असतो आणि नेमका तोच तुटतो. घड्याळ उत्तम चालतं, फक्त वेळ लावायला गेलं की काडी हातात येते.

हे नंबर म्हणजे स्विस मशीन-कारखान्यांच्या कोष्टकांतले ठरलेले आकडे. (दुरुस्तीच्या बाजारात आतल्या यंत्राला 'मशीन' म्हणतात, मीही तेच म्हणतो.) 1926 साली ए. शिल्ड, फोंतेनमेलों वगैरे कारखाने 'एबोश एस.ए.' या एका छत्राखाली आले. तबकडीवर नाव कुणाचंही असो, मशीन पुष्कळदा यांच्यापैकी एकाचं असायचं. मागचं झाकण काढून बॅलन्सच्या चाकाखाली तिरकं पाहिलं की इवलासा शिक्का दिसतो: 'ए.एस.' आणि शेजारी आकडा. तो आकडा वाचता आला की पुढचं सगळं सोपं व्हायचं. दुकानात 'ए.एस. 1950 चा 723 द्या' म्हटलं की समोरचा माणूस न बोलता खण उघडायचा. वीस वेगवेगळ्या ब्रँडांच्या पोटात तेच मशीन, म्हणून एकच भाग वीस घड्याळांना चालायचा. सुटे भाग इतकी वर्षं टिकले ते या एका शहाणपणामुळे.

आता तो 723. बॅलन्स स्टाफ. सगळी यादी खरं तर याच्यासाठी.

घड्याळाचं जे चाक डोळ्यांना मागेपुढे हेलकावताना दिसतं त्याचा हा आस. जुन्या मशीनमध्ये तासाला 18,000 टोले, म्हणजे दिवसाला 4,32,000. एवढं ओझं ज्या दोन टोकांवर, ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक. घड्याळ फरशीवर पडलं की पहिलं टोक जातं. बदलायचं तर आधी चाकाला मागेपुढे फिरवणारी बारीक हेअरस्प्रिंग सोडवायची, खालची रोलर नावाची चकती उतरवायची, जुना स्टाफ चाकात जिथे रिव्हेट केलेला असतो ती कड लेथवर कापायची, नवा बसवून पंचाने हलक्या हाताने ठोकायचा, मग चाक सगळीकडून सारख्या वजनाचं आहे का ते पाहायचं, हेअरस्प्रिंग पुन्हा त्याच कोनात लावायची. डोळ्याला भिंग, श्वास जपून. हे काम पेठेतला साधा घड्याळजी रोज करायचा. स्टाफ डझनाने यायचे, काचेच्या बारीक नळीत नाहीतर कागदी पाकिटात. आता पाकिटं कुठे कुठे सापडतात. एक खरं, की हा भाग पोलादाचा आणि गोल असल्यामुळे लेथवर नव्याने करता येतो. हेअरस्प्रिंगचं तसं नाही. ती चिमट्याने सरळ करता येते, नव्याने करता येत नाही. स्विस घड्याळांच्या हेअरस्प्रिंगांचा मोठा वाटा निवारॉक्स या एका कंपनीकडून येतो आणि ती स्वॅच समूहाची आहे.

एचएमटीकडे वळू, कारण आपल्याकडे घराघरांत कपाटात पडलेलं घड्याळ तेच. 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने कारखाना सुरू झाला. पुढे तुमकूर, श्रीनगर, राणीबाग. जनता, पायलट, सोना, जवान, कांचन. 'जनता'च्या काही तबकड्या देवनागरीतही निघाल्या. अंधांसाठी ब्रेल घड्याळही होतं, काच उघडून बोटांनी काटे चाचपायचं. 'जनता' आणि पुष्कळशा 'पायलट'च्या आत 0231 हे मशीन, चावीचं. साधं आणि समजूतदार, नवशिक्याने खोलावं आणि परत जोडावं असं. स्टाफ वाचवायला सिटिझनची 'पॅराशॉक' योजना होती. टोकावरचं माणिक एका चिमुकल्या स्प्रिंगखाली धरलेलं असतं, धक्का बसला की ते किंचित सरकतं. ती स्प्रिंग चिमट्यातून उडाली की खोलीत पुन्हा सापडत नाही.

जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. एचएमटीच्या नावाने थोडी घड्याळं आजही विकली जातात, पण 0231 चे भाग पाडणारे ते कारखाने आता नाहीत. स्विस मशीनला निदान जगभरच्या गोदामांत उरलेला माल आहे. 0231 चा माल होता तो इथेच. त्यामुळे एका 'जनता'साठी भाग हवा तर दुसरी 'जनता' फोडायची. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी बंद घड्याळांचे लॉट मिळतात, मुंबईत चोर बाजारात मिळतात. ढीग पाहिला की वाटतं, हे तर जन्मभर पुरेल.

पुरत नाही. ढीग घरी आणून खोलून बघा. ज्या कारणाने माझं घड्याळ बंद पडलं त्याच कारणाने ती सगळी पडलेली असतात. याचाही स्टाफ मोडलेला, त्याचीही हेअरस्प्रिंग चुरगळलेली, तिसऱ्याची काडी गंजून आत अडकलेली. प्लेटा मात्र झकास, चाकं धरून ठेवणारे पूल चकचकीत, गिअरची चाकं नव्यासारखी. जे कधीच बिघडत नाही त्याचा साठा अमाप आणि जे हमखास बिघडतं ते शंभरात दोनचार. हौशी लोक 'डोनर आहे ना' असं म्हणतात तेव्हा मला हसू येतं. डोनरच्याही अंगात तेच दुखणं असतं.

फेवर ल्यूबा. मुंबईशी जुना व्यापारी संबंध असलेलं स्विस नाव. सी चीफ, सी किंग ही मॉडेलं एका पिढीच्या मनगटावर होती. त्यातल्या काहींत 1960 च्या दशकातलं एफएल 251 हे कंपनीचं स्वतःचं मशीन. तीन मिलिमीटरपेक्षा पातळ, आणि त्यात दोन बॅरल, दोन कमानी. फार देखणं काम. कंपनीचं स्वतःचं, म्हणूनच ए.एस.सारखं वीस घरांत वाटलेलं नाही आणि भाग मिळणं त्या मानाने अवघड. पातळपणाची किंमत आपण आत्ता मोजतोय.

फेवर ल्यूबाची अनेक घड्याळं 'मुंबई स्पेशल' झाली. हे नाव परदेशी संग्राहकांनी दिलेलं. जुनं घड्याळ, चार घड्याळांतून जमवलेलं मशीन, वर नारिंगी नाहीतर जांभळ्या रंगाने नव्याने रंगवलेली तबकडी, पुसट किंवा चुकीच्या अक्षरातलं नाव. जगभर विकली गेली. संग्राहक नाकं मुरडतात आणि तबकडीपुरतं ते बरोबरही आहे. खरी तबकडी खरवडली की गेली. पण आतल्या मशीनचं श्रेय द्यायला हवं. कारखाना नाही, कोष्टक नाही, पाकिटं नाहीत, तरी कुणीतरी डोंगरी-भेंडीबाजाराकडच्या माडीवर बसून ते चालतं केलं. मला रंगाचा राग येतो, कारागिराचा येत नाही.

रेडियमचे काटे. जुन्या स्विस घड्याळांत काट्यांवर हिरवट-तपकिरी लेप असतो, अंधारात आता चमकत नाही. चमकणारी पूड जळून गेलेली असते, रेडियम तसंच असतं. ते निम्मं व्हायला 1,600 वर्षं लागतात. खरवडू नका, फुंकर मारू नका. ही एक वस्तू नाहीशी झाली तर चालेल.

स्विस लोकांनी काय केलं ते थोडक्यात. 25 डिसेंबर 1969 ला सेकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. 1970 मध्ये स्विस घड्याळधंद्यात सुमारे 90,000 माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तीस हजारांच्या थोडी वर उरली. वाचलेल्या मशीन-कारखान्यांचा सगळा पसारा ईटीए या एका कंपनीत आला, आणि ईटीए स्वॅच समूहात. मग 2002 मध्ये समूहाने जाहीर केलं की बाहेरच्यांना कच्ची मशीनं देणं थांबवणार. स्विस स्पर्धा आयोग मध्ये पडला, वाद वर्षानुवर्षं चालला, 2013 मध्ये पुरवठा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा समझोता झाला, आणि 2020 मध्ये ईटीएवरचं बंधन संपलं. मशीनच्या बाबतीत त्याने फारसं अडलं नाही. 2824-2 या ईटीएच्या सर्वांत खपाच्या ऑटोमॅटिकचं पेटंट संपलं होतं, सेलिटाने एसडब्ल्यू 200 या नावाने तेच जवळपास तसंच काढलं. अडलं ते सुट्या भागांचं. 2015 च्या अखेरीस समूहाने ब्रिटनमधल्या घाऊक भागविक्रेत्यांचा पुरवठा बंद केला. ज्यांना कंपनीची मान्यता आहे त्यांनाच भाग. घरी टेबलावर दिवा लावून बसणाऱ्या हौशी माणसाला ती मान्यता कधीच मिळणार नाही. मोबियस हे घड्याळाचं तेल अजून कुणालाही मिळतं, दोन मिलिलिटरची बाटली, जपून वापरली तर काही वर्षं जाते. तेही स्वॅच समूहाचंच. उद्याचं उद्या.

स्वॅचचंच 'सिस्टेम 51', साल 2013. ऑटोमॅटिक, 51 भाग, मध्ये एकच स्क्रू, आणि डबी कायमची बंद. दुरुस्ती नाहीच. फेकायचं यांत्रिक घड्याळ प्रथमच पाहिलं आणि माझं त्याबद्दलचं मत चांगलं नाही.

एनएच 35. हौशी लोकांचं आजचं दैवत. सेकोच्या घरचं जपानी ऑटोमॅटिक, 24 माणकं, तासाला 21,600 टोले, एकेचाळीस तासांची चाल. बाहेरची डबी, तबकडी, काटे हवे ते आणा आणि आपलं घड्याळ जुळवा. पूर्ण नवं मशीन स्वस्त मिळतं, जुन्या स्विस घड्याळाच्या सर्व्हिसिंगपेक्षाही पुष्कळदा स्वस्त. म्हणून त्याचे भाग सुटे घेण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. बिघडलं की अख्खं बदलायचं. चालू आहे तोवर उत्तम. बंद होईल त्या दिवशी बाजारात मशीनं खंडीभर असतील आणि 723 च्या जोडीचं पाकीट एकही नसेल, कारण ते कधी कुणी भरलंच नव्हतं. दुरुस्ती शिकायला मात्र खिशातल्या घड्याळाचं 6497 हे मोठं मशीन फार चांगलं. त्याची चिनी सीगल प्रत, एसटी 36, अजून सहज मिळते. शिकायचं असेल तर ती आत्ता दोन घ्या. एक खोलायला, एक पाहायला.

तर हिशेब असा की पुढच्या पंधरावीस वर्षांत मशीन मिळेल, भाग मिळणार नाही. हौस संपणार नाही, फक्त ती दुरुस्तीची न राहता जुळवाजुळवीची होईल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला पहिली हवी.

शेवटी एक विनंती, आणि ती हौशी लोकांना नाही. तुमच्या घरात कुणी घड्याळजी होतं, दुकान मिटवायचं चाललंय, मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत, असं असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी खण उघडून बघा. पत्र्याच्या डब्यांत, सिगारेटच्या जुन्या पाकिटांत, औषधाच्या बाटल्यांत बारीक काहीतरी असेल आणि वर पेनाने खरडलेले आकडे असतील. जागा वाचवायला म्हणून ते सगळं एका बरणीत ओतू नका. पाकिटातून काढलेला स्टाफ कुठल्या मशीनचा हे नंतर देवालाही सांगता येत नाही. डबे आहेत तसे, खणासकट, दुरुस्ती करणाऱ्या कुणाला तरी विका. भंगारवाला वजनाचे पैसे देईल; दुरुस्ती करणारा जास्त देईल.