साडेचार ठिपक्यांची बाग

लंच टाइममध्ये कुणी शेअर्स बघतं, कुणी लग्नाच्या साइट्स. मी येडशी बघतो. धाराशिव जिल्ह्यातलं माझं गाव, तेही चक्क ७०५ किलोमीटर उंचीवरून! लँडसॅट नावाचे अमेरिकन उपग्रह १९७२ पासून जमिनीचे फोटो काढताहेत आणि २००८ पासून ते सगळ्यांना फुकट मिळतात. एक ठिपका तीस मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. त्यामुळे आमचं घर काही दिसत नाही. रामलिंगच्या अभयारण्याचा डोंगर मात्र झकास दिसतो. फक्त मेची तुलना मेशीच करायची हं! पानगळीचं जंगल ते, ऑक्टोबरात हिरवंगार आणि उन्हाळ्यात टक्कल.

मला खरं तर बघायची होती अण्णांची द्राक्षबाग. एक एकर, म्हणजे साडेचार ठिपके. २०१२ च्या दुष्काळात बोअर आटलं, पुढे कधीतरी अण्णांनी बाग तोडली. मी तेव्हा पुण्यात, परीक्षेच्या नावाखाली हॉस्टेलवर. गेलोच नाही. नेमकी कधी तोडली, हे विचारायची नंतर हिंमत झाली नाही. म्हटलं, उपग्रहाला विचारू.

तिथेच गोची झाली. लँडसॅट-५ तीन वर्षांच्या बोलीवर १९८४ मध्ये गेला आणि जवळजवळ एकोणतीस वर्षं राबला. बदली म्हणून पाठवलेला सहावा १९९३ मध्ये कक्षेत पोचलाच नाही! नोव्हेंबर २०११ मध्ये पाचव्याचा मुख्य कॅमेरा थांबला. उरला सातवा. त्याच्यात २००३ मध्येच बिघाड झालेला, त्यामुळे प्रत्येक चित्रावर काळ्या पट्ट्या. आठवा उडाला फेब्रुवारी २०१३ मध्ये. जुना थकायच्या आत त्याच मापाचा नवा वर असला नाही, तर काय होतं ते मला माझ्या साडेचार ठिपक्यांवर कळलं. आमचा दुष्काळ नेमका त्या फटीत सापडला. उघडलेल्या चित्रांत बाग कधी अर्धी, कधी पूर्ण पट्टीखाली. एप्रिल २०१३ चं चित्र लख्ख, पण तोवर सगळं तपकिरी.

शेवटी फोन लावला.

‘‘फोटो काय बघायलास?’’ अण्णा म्हणाले. ‘‘मला इचार की. होळीच्या आदल्या दिवशी तोडली. तुझी आई शेतात आलीच न्हाई त्या दिवशी.’’

मग ते बोलत राहिले. तारा कुणाला विकल्या, खांब कुठे गेले... लंच टाइम केव्हाच संपला होता.