शीरखुर्म्याचा डबा

माझा मामेभाऊ चौदा महिने तुरुंगात होता. खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्या चौदा महिन्यांचा हिशेब कुणी दिला नाही. तो राग आमच्या घरात अजून आहे. तरीही आज लिहायचं आहे ते तिथल्या एका हवालदाराबद्दल.

मुलाखतीच्या दिवशी मी मामीला घेऊन जायचो. नाव नोंदवायचं, आधार कार्ड दाखवायचं, झडती द्यायची, नंबर लागेपर्यंत थांबायचं. मग काचेपलीकडे मुलगा आणि हातात फोन. मामीला कमी ऐकू येतं. पहिल्या वेळी ती नुसतीच रडली. दुसऱ्या खेपेला ड्युटीवरच्या हवालदाराने फोन स्वतःच्या कानाला लावला आणि मुलाचा एकेक शब्द तिला मोठ्याने सांगितला. "गोळ्या वेळेवर घेता का, विचारतोय, मावशी." पुढे तो असला की हे ठरलेलंच.

रमजानमध्ये त्याची रात्रपाळी असली, की सहरीच्या वेळी तोच गजांवर काठी वाजवून रोजेदारांना उठवायचा, असं भावाने नंतर सांगितलं. कैद्याला अन्न देणाऱ्यांची कुरआनच्या सूरह दहरमध्ये स्तुती आहे. त्याने ती वाचलेली नसणार.

तुरुंगात लाच चालते, मारहाण होते, हे मी नाकारत नाही. पण दुसरी बाजूही बघा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते आणि दर चौघांतले तिघे कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा म्हणते. भावाच्या बराकीत शंभरावर माणसं आणि रात्री बाहेर एकच शिपाई. ही गर्दी त्या शिपायाने आणलेली नाही, पण तिच्यासोबत रात्र त्यालाच काढायची असते. दिवाळीला, ईदला, पोरांच्या परीक्षेतही. इतक्या ताणातही जो माणूस राहतो, त्याला आपण कधी शाबासकी दिली?

ईदनंतर मामीने त्याच्यासाठी शीरखुर्मा नेला होता. त्याने डबा घेतला नाही. "नियमात बसत नाही, मावशी. पोरगा सुटला की घरी येऊन खाईन."

भाऊ सुटण्याआधीच त्याची बदली झाली. मामी मात्र दर ईदला विचारते, "वो हवालदारसाब आए नै अबतक?"