शिरोरेषा तुटू नये म्हणून...

रेडिमेड थीम म्हणजे रेडिमेड शर्टच. मापात बसला तर झकास, नाही तर बाह्या दुमडत बसा!

ह्यूगो हा २०१३ पासूनचा स्टॅटिक साइट जनरेटर. त्यात थीम बसवणं एकदम सोपं. तिचं फोल्डर 'थीम्स'मध्ये टाकायचं, सेटिंगच्या फाइलीत नाव लिहायचं, बस्स! मी त्यात आईच्या पाककृती टाकल्या आणि मराठीची पार दशा झाली. 'कोथिंबीर वडी'ची शिरोरेषा अक्षरागणिक तुटलेली, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसलेले.

थीम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी होतं. तिथे अक्षरांत जरा जागा सोडली की शीर्षक ऐटदार दिसतं. आपली अक्षरं मात्र एकमेकांचा हात धरून उभी राहणारी!

मग काय, थीम स्वतःच्या मापाची करून घेतली. गंमत म्हणजे मूळ थीमला हात लावावा लागत नाही. आपल्या साइटच्या फोल्डरात त्याच मार्गावर, त्याच नावाची फाइल ठेवली, की ह्यूगो आधी आपली उचलतो. उद्या थीम अपडेट झाली तरी आपले बदल शाबूत. अक्षरांमधलं जादा अंतर शून्य केलं, ओळींमधलं १.४ वरून १.८ वर नेलं आणि मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फॉन्ट लावला. फुकट आणि मस्त!

आईने मोबाइलवर पाहिलं. कौतुक वगैरे काही नाही. म्हणाली, "तीळ वरून पेरायचे, हे जरा ठळक कर."

म्हणजे वाचता येतंय!