हाक आणि हाका : खानदेशातील अस्वलांची शिकार

१/ मराठीत ‘हाक’ जवळ बोलावते. शिकारीतला ‘हाका’ मात्र जनावराला दडणीतून बाहेर हुसकावतो. खानदेशातील अस्वलांच्या शिकारीचा इतिहास बंदुकीपेक्षा या आवाजाचाच अधिक आहे.

२/ उत्तर अमेरिकेतील शिकारी हरिणाच्या पाडसाच्या आर्त आवाजाची नक्कल करून काळ्या अस्वलाला जवळ आणतात. सातपुड्यात ही युक्ती निरुपयोगी होती. येथील अस्वलाचे अन्न म्हणजे वाळवी, मुंग्या, मध, रानफळे आणि मोहाची फुले. पाडसाच्या आक्रोशाचे त्याला काय! रात्रभर चरून ते दिवसा घळीत वा कपारीत निजते. त्यामुळे त्याला बोलवायचे नव्हे, उठवायचे असे.

३/ आधी माग काढून खबर आणली जाई. अस्वलाची नजर अधू, पण नाक तीक्ष्ण; म्हणून बंदूकवाले वारा पाहून बसत. ते जागेवर बसेपर्यंत सारे रान गप्प. मग दुसऱ्या टोकाकडून हाकाऱ्यांची रांग ढोल वाजवीत, झाडांवर काठ्या आपटीत पुढे सरके.

४/ खरे कसब आवाज मोठा करण्यात नव्हते. एकदम गलका झाला तर जनावर बिथरून रांगेवरच उलटे. आवाज कोठे खंडला तर त्याच फटीतून निसटे. बाजूच्या झाडांवर बसवलेली माणसे ते वळू लागताच नुसती खाकरत किंवा खोडावर हलकेच ठोकत. तेवढेच पुरे होई.

५/ १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला. डोंगरातील भिल्लांवर फौजा धाडल्या गेल्या. तोही एक हाकाच होता. तो फसल्यावर धोरण बदलले. १८२५ मध्ये २२ वर्षांचा लेफ्टनंट जेम्स आउट्रम भिल्ल पलटण उभारण्यासाठी आला. धरणगाव हे तिचे ठाणे झाले. भिल्लांसोबत शिकार करूनच त्याने त्यांचा विश्वास मिळवला. पुढे हीच पलटण भिल्लांच्याच बंडांवर चालून गेली.

६/ १८२५ ते १८३४ या काळात आउट्रम व त्याच्या सोबत्यांनी मारलेल्या जनावरांची मोजदाद त्याच्या चरित्रात आहे : दोनशेहून अधिक वाघ आणि २५ अस्वले. हे आकडे बंदुकीच्या नावावर जमा झाले. हाकारा मात्र काठी घेऊन पायी चाले, आणि उलटलेले अस्वल पहिल्यांदा त्याच्याच तोंडावर येई. रान कोठे उठवायचे, कोठे गप्प राहायचे, हे ज्ञान त्याचे होते.

७/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. ते ज्ञान मात्र अजून कामाचे आहे. मोहफुले वेचण्यास रानात जाणारी माणसे जमावाने, मोठ्याने बोलत चालतात. चाहूल लागलेले अस्वल आपली वाट बदलते. आज हा आवाज दोघांचाही जीव वाचवतो.