कासला जाताय? परीक्षकांचे प्रश्न सोबत घ्या!

सप्टेंबर लागला की निम्म्या ऑफिसच्या स्टेटसवर कास फुलतं. खाली जांभळा गालिचा, वर आकाश, मधोमध क्षितिज. झाला फोटो! साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवरचं हे पठार भलतंच फोटोजेनिक. इथे वाईट फोटो काढायचा म्हटलं तरी जमणार नाही, असं वाटतं ना? मग एकदा फोटोग्राफी क्लबच्या लँडस्केप स्पर्धेला कासचा फोटो पाठवून बघाच.

आमच्या क्लबात फोटो पडद्यावर येतो, नाव येत नाही. परीक्षक एकेका फोटोवर मिनिटभर बोलतात आणि अख्खा हॉल ऐकतो. एका वर्षी कासच्या फोटोंचा नुसता ढीग होता. ‘वा, मस्त!’ ऐकायला आलेल्या मंडळींना मिळाले तीन प्रश्न. नजर थांबवायची कुठे? एवढं रिकामं आकाश कशाला? आणि तुम्ही नेमके उभे कुठे होतात?

नंबर कुणाचा आला ते आम्ही लगेच विसरलो. प्रश्न मात्र डोक्यात घर करून बसले. पुढच्या सप्टेंबरात, मधल्या वारी रजा टाकून, आम्ही चौघं ते घेऊनच कासला गेलो.

पहिल्याचं उत्तर गुडघ्यांत सापडलं. इथे जांभा दगडावर मातीचा जेमतेम थर. त्यामुळे बरीचशी फुलं वीतभर उंचीचीसुद्धा नाहीत. उभ्याने क्लिक केलं की नुसता रंगाचा फराटा येतो. पायवाटेवरच बसा, कॅमेरा घोट्याच्या उंचीवर आणा. गेंदाचं एक पांढरं बोंडूक पुढे मोठं होतं आणि मागे तेरडा पसरत जातो. नजरेला बसायला जागा मिळते.

दुसरा सोपा. आभाळ सपाट, करडं असेल तर त्याची बारीकशी पट्टीच ठेवा. ढगांची सावली पठारावरून पळायला लागली, तर खुशाल दोन तृतीयांश फ्रेम देऊन टाका. ऊन नाही म्हणून हिरमुसू नका, ढगाळ उजेडात रंग जास्त खुलतात. ओल्या पानांची चमक पोलरायझर कमी करतो. वारा असेल तर शटर स्पीड वाढवा.

तिसरा प्रश्न मात्र खरा गुगली. स्पर्धेतल्या एका सुरेख फ्रेमच्या कोपऱ्यात चिरडलेला तेरडा दिसत होता. परीक्षक फक्त त्यावरच बोलले आणि हॉल एकदम गप्प झाला. कासची माती इतकी निकस, की दवबिंदूसारख्या वनस्पतीला किडे पकडून पोट भरावं लागतं. त्यात तेरड्यासारखी झाडं एका पावसाळ्याची. बी धरायच्या आधी पाय पडला, की त्या रोपाचा खेळ तिथेच संपला. पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासही २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पण ‘बस एक क्लिक’ म्हणत वाट सोडणाऱ्याला यादी अडवत नाही.

तेव्हा जायचंच तर वीकेंड टाळा, आधी ऑनलाइन बुकिंग बघा आणि लेन्ससाठी रेनकव्हर घ्या. वाटेवरून जो अँगल मिळेल तोच आपला. आणि हो, स्पर्धेचा निकाल ऐकून लगेच घरी पळू नका. खरा माल नंतरच्या गप्पांत मिळतो!