पडद्यावरच्या गावी जाताना

दोस्तांनो, सुट्टीत गावाला निघताना आई काय म्हणते? “सामान कमी घ्या रे!” आज ज्या गावाला जायचं आहे, तिथेही हाच सल्ला लागू पडतो. हे गाव पृथ्वीच्या नकाशात मात्र सापडायचं नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली ते लोकांसाठी खुलं केलं. नाव सेकंड लाइफ. हे मुख्यतः मोठ्या माणसांचं जग, तेव्हा आई-बाबांना शेजारी बसवूनच निघा.

इथली घरं, पूल, झाडं बहुतेक सगळी तिथे येणाऱ्या लोकांनीच बनवलेली. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडलेले आहेत. एकेक तुकडा २५६ मीटर लांब, तेवढाच रुंद, म्हणजे सुमारे सोळा एकर. दिवस चारच तासांचा! तीन तास ऊन आणि एक तास रात्र. चालून कंटाळलात तर सरळ उडायचं.

आणि बाजारात शिरलात, की धप्प! खिडकी नाहीशी, गाव गायब. प्रोग्रॅम क्रॅश झाला. बाबा म्हणणार, “जुना झालाय कॉम्प्युटर.” थांबा, नवा घ्यायची घाई नको.

बाजारात असं का होतं? दुकानातल्या प्रत्येक कपड्यावर, पाटीवर चित्र चिकटवलेलं असतं. समजा, एक चित्र १०२४ ठिपके लांब आणि १०२४ ठिपके रुंद आहे. एका ठिपक्याला चार बाइट धरा. करा गुणाकार! झाले ना ४ एमबी? अशी शंभर चित्रं म्हणजे ४०० एमबी, आणि बाजारात तर शेकड्यांनी चित्रं! ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली, की बिचारं यंत्र हात टेकतं.

यावरचा सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे ‘ड्रॉ डिस्टन्स’, म्हणजे किती लांबपर्यंतचं दृश्य रंगवायचं ते. कंट्रोल आणि पी ही बटणं एकत्र दाबा, प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स उघडा. (गावात शिरण्याआधीसुद्धा हे करता येतं. आत गेल्या गेल्या क्रॅश होत असेल तर तसंच करा.) तिथे २५६ मीटर असेल तर ६४ करा. फरक किती? कर्कटक घ्या. एक वर्तुळ ४ सेंमी त्रिज्येचं काढा, दुसरं १ सेंमीचं. मोठ्यात लहानाच्या सोळापट जागा! म्हणजे यंत्राचं काम केवढं हलकं झालं बघा.

मग सावल्या बंद करा. गर्दीत लोकांचा नट्टापट्टाही जड पडतो. त्यासाठी ‘कॉम्प्लेक्सिटी’ची मर्यादा खाली आणा. मर्यादेबाहेरचा माणूस मग एकरंगी बाहुल्यासारखा दिसतो. मजाच वाटते! मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार कसं? साठवलेली चित्रं, म्हणजे कॅशे, पुसून टाकायचा सल्लाही बरेच जण देतात. माझ्या मते तो शेवटचा उपाय. कारण मग सगळी चित्रं नव्याने उतरवून घ्यावी लागतात.

आता ब्लेक समुद्रावर चला, तिथे शिडाच्या होड्या चालतात. इथली अडचण निराळी. एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना तुमची होडी, कपडे, दागिने सगळं पुढच्या चौकोनाच्या ताब्यात द्यावं लागतं. अंगावर चमचमणाऱ्या, हलणाऱ्या वस्तू जास्त असतील तर त्या हद्दीवरच अडकायला होतं. साधे कपडे घाला, आईचा सल्ला आठवा.

कधी प्रोग्रॅम चालूच राहतो आणि फक्त ‘संपर्क तुटला’ असा निरोप येतो. तेव्हा बिघाड पलीकडे किंवा वाटेत, इंटरनेटमध्ये असू शकतो. अशा वेळी सेटिंग बदलत बसू नका, जरा वेळाने परत जा. मोकळ्या पाण्यात पोहोचलात की होडी थांबवा आणि ते ६४ पुन्हा २५६ करा. इथे दुकानं नाहीत, गर्दी नाही. सूर्य बुडायच्या आत बघून घ्या!